उन्हाळी वर्गाचा गुण येतो का?

सापशिडीतले दोन फासे घेऊन वर्गात करता येईल असा एक प्रयोग आधी सांगते. वर्गात छत्तीस मुले आहेत असे समजू. प्रत्येकाने दोन्ही फासे एकदाच टाकायचे आणि पडलेल्या दानांची बेरीज फळ्यावर आपल्या नावापुढे लिहायची. ही झाली वार्षिक परीक्षा. बेरीज सहा किंवा अधिक आली तर पास, पाच किंवा कमी आली तर नापास. छत्तिसांपैकी साधारण दहा मुले नापास होतील आणि त्यांच्या गुणांची सरासरी चारच्या आसपास येईल. आता या दहा जणांचा उन्हाळी वर्ग घ्यायचा. त्यांना मैदानाला एक फेरी मारून यायला सांगा, सतराचा पाढा म्हणून घ्या, काहीही करा. मग फासे पुन्हा टाकू द्या. या खेपेस त्यांची सरासरी सातच्या जवळ जाईल आणि दहांपैकी सात जण पास होतील. मुले थोडी असल्याने आकडे इकडेतिकडे होतात, पण तीन-चार वर्गांचे आकडे एकत्र केले की चित्र स्पष्ट दिसते.

एका शिक्षक मेळाव्यात हा प्रयोग केला तेव्हा मागच्या बाकावरचे एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, म्हणजे पाढ्याचा गुण आला म्हणायचा!" सभागृह हसले. परंतु आपण दरवर्षी असेच म्हणत असतो, हे त्या हसणाऱ्यांपैकी अनेकांच्या लक्षात आले असावे, कारण नंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

प्रयोगाचा दुसरा अर्धा भागही करून पाहावा. पहिल्या फेरीत नऊ किंवा अधिक बेरीज आलेली दहा 'हुशार' मुले निवडा. त्यांची सरासरी दहाच्या आसपास असेल. त्यांना काहीही न करता पुन्हा फासे टाकायला लावा. ती सातपर्यंत घसरतील. सुट्टीत मुले अभ्यास विसरतात याचा हा पुरावा म्हणून कोणी सादर केला, तर आकडे त्याच्याच बाजूने बोलतील.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीची तुलना करताना ही गोष्ट मांडली. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नाही. फार बुटक्यांची मुले त्यांच्याइतकी बुटकी नसतात. टोकाची निवड करून पुन्हा मोजले की दुसरे माप सरासरीकडे परतते. परीक्षेचे गुण म्हणजे काही निव्वळ फासे नव्हेत. त्यांत मुलाला येत असलेल्या गोष्टींचा मोठा वाटा असतो. पण आदल्या रात्रीची झोप, नेमका न वाचलेला धडा, पर्यायांपैकी एक अंदाजाने टिकवणे, तपासणाऱ्याचा हात, असा दैवाचाही वाटा असतो. हा वाटा जितका मोठा, तितके हे परतणे मोठे. काठावर नापास झालेल्या मुलांमध्ये तर त्या दिवशी दान उलटे पडलेली मुले हमखास गोळा होतात.

हे सारे आता आठवायचे कारण आपल्याच शाळांत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाही मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. पाचवीच्या आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घ्यायची, जो नापास होईल त्याला जादा शिकवायचे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यायची. तीतही नापास झाला तर त्याच वर्गात बसवायचे की नाही हे राज्याने ठरवायचे. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलून ही परीक्षा आणि नापास करण्याची तरतूद दोन्ही स्वीकारल्या. पाचवीनंतर उच्च प्राथमिक आणि आठवीनंतर माध्यमिक टप्पा सुरू होतो. म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याच्या दोन्ही दारांशी परीक्षा आली, आणि निकालानंतरचे दोन महिने म्हणजे मे आणि जून असल्यामुळे 'जादा शिकवणे' याचा अर्थ उन्हाळी वर्ग असाच होतो.

नेमकी हीच योजना अमेरिकेतल्या शिकागो शहराने १९९६ साली जाहीर केली होती. तिकडे तिचे नाव 'समर ब्रिज', म्हणजे उन्हाळी पूल. (आपल्याकडे २०२१ साली करोनाच्या काळात पंचेचाळीस दिवसांचा 'सेतू अभ्यास' झाला, त्याच्या नावातही पूलच होता. शिक्षणखात्यांना सगळीकडे पूल फार आवडतात.) शिकागोच्या या योजनेइतकी कसून तपासणी झालेले उन्हाळी वर्ग फार थोडे आहेत, आणि त्या तपासणीतून जे बाहेर आले ते आपल्याकडे जवळजवळ कोणी वाचलेले नाही. म्हणून हा लेख.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मूल सहावीच्या सुमारास 'मिडल स्कूल'मध्ये आणि नववीला 'हायस्कूल'मध्ये जाते. या दोन्ही वेळी आधीच्या उन्हाळ्यात वर्ग घेण्याची पद्धत आहे. काही वर्ग फक्त ओळख करून देणारे असतात. नवी इमारत, नवे शिक्षक, वेळापत्रक कसे वाचायचे, जेवणाची सुट्टी कुठे घालवायची. काही वर्ग मागे पडलेल्यांना पुढे आणण्यासाठी असतात. शिकागोचा पूल दुसऱ्या प्रकारचा होता, आणि त्याच्या टोकाशी दार होते.

चार लाखांहून अधिक मुलांच्या या शाळांचा कारभार १९९५ साली कायद्याने महापौरांच्या हाती आला होता. त्यांनी नेमलेले मुख्याधिकारी पॉल व्हालास हे मूळचे शहराचे अंदाजपत्रक सांभाळणारे अधिकारी. शिकागोत मुलांना न शिकवताच वरच्या वर्गात ढकलले जाते ही जुनी तक्रार होती. 'ढकलपास' बंद करायचे ठरले. तिसरी, सहावी आणि आठवीच्या मुलांनी आयोवा चाचणीत वाचन आणि गणित या दोन्हींत ठरलेली पातळी गाठली पाहिजे. नाही गाठली तर उन्हाळी वर्ग सक्तीचा. तिसरी-सहावीला रोज तीन तास, सहा आठवडे. आठवीला रोज चार तास, सात आठवडे. ऑगस्टमध्ये फेरपरीक्षा. तीत नापास तर तोच वर्ग पुन्हा.

या पातळ्या कशा मोजत हे पाहण्यासारखे आहे. आयोवा चाचणीचे गुण इयत्तांच्या भाषेत सांगतात. ३.८ म्हणजे तिसरीच्या आठव्या महिन्यात देशातल्या सरासरी मुलाला जेवढे येते तेवढे. १९९७ साली तिसरीची पातळी २.८ होती, म्हणजे सरासरीच्या एक वर्ष मागे. सहावीची ५.३, म्हणजे दीड वर्ष मागे. आठवीची ७.०, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे मागे. पातळ्या उदार होत्या, तरीही दर उन्हाळ्यात वीस हजारांहून अधिक मुले या वर्गांना बसत. हा आकडा दशांश चिन्हासह छापला की फार नेमका वाटतो. प्रत्यक्षात बहुपर्यायी चाचणीत एखाददुसऱ्या उत्तराने तो हलतो. आमच्या प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की पहिले काम म्हणजे तीच वस्तू त्यावर दहादा मोजून पाहणे. दहा मापे किती पसरतात ते कळल्याशिवाय अकरावे माप वहीत लिहायचे नाही. मुलाला वर्षभर मागे ठेवणारे माप एकदाच घेतले जाते, ही गोष्ट मला वैज्ञानिक म्हणून अजून पचलेली नाही.

ऑगस्टमध्ये निकाल लागत, आणि मोठ्या संख्येने मुले पास होत. साऱ्या देशाने कौतुक केले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी १९९९ च्या आपल्या वार्षिक भाषणात शिकागोचे उदाहरण देऊन अशा उन्हाळी वर्गांची शिफारस केली. कोणाच्याही मनात फाशांचा विचार आला नाही असे मात्र नाही. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक गट या शाळांचा अभ्यास करीत होता. मेलिसा रॉडरिक, मिमी एंगल आणि जेनी नागाओका यांनी २००३ साली उन्हाळी वर्गांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. मुलांची आधीच्या कित्येक वर्षांची मापे हाताशी असल्याने, आपोआप होणारी वाढ किती आणि वर्गामुळे झालेली किती हे वेगळे काढण्याचा त्यांनी प्रयत्न केला.

वजाबाकी करूनही काही उरले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सहावी आणि आठवीच्या मुलांची वाढ तिसरीच्या मुलांपेक्षा मोठी होती. वर्ग लहान होते, वेळ भरपूर होता, शिक्षक मनापासून शिकवत होते आणि मुलांनाही हे वर्ग आवडत होते. धडे मध्यवर्ती कचेरीतून दिवसवार छापून आलेले असत. तरीही जे शिक्षक छापील धड्याला मुलाप्रमाणे मुरड घालत त्यांच्या वर्गात वाढ अधिक दिसली. शिक्षकांना यात नवल वाटणार नाही.

पण अहवालातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात मिळवलेले पुढे टिकले, पण पुढच्या वर्षी ही मुले पुन्हा आपल्या जुन्याच वेगाने शिकू लागली. आलेख काढला तर उन्हाळ्यात एक पायरी दिसते, तिच्यानंतरची रेघ मात्र आधीच्याच तिरपेपणाने जाते. उंची वाढली, चढ तोच राहिला. इतर मुले अधिक वेगाने जात असल्यामुळे अंतर परत वाढू लागते. जी शाळा त्या मुलाला वर्षाच्या दहा महिन्यांत शिकवू शकत नव्हती, ती सुट्टीनंतरही तशीच होती.

दुसरी तपासणी ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थशास्त्रज्ञांची, २००४ सालची. तिची युक्ती इतकी सोपी आहे की आठवीच्या मुलांनाही सांगता येईल. सहावीची पातळी ५.३ असेल तर ५.२ मिळालेला मुलगा उन्हाळी वर्गाला जातो, ५.३ मिळालेला सुट्टीवर जातो. या दोघांत खरा फरक किती? जवळजवळ नाही, बरेचसे दान कसे पडले त्यावर. म्हणजे धोरण आखणाऱ्यांनी नकळत चिठ्ठ्या टाकल्यासारखाच प्रयोग करून ठेवला होता. उंबरठ्याच्या जरा अलीकडची आणि जरा पलीकडची मुले घेऊन पुढे त्यांचे काय झाले ते पाहायचे. फासे दोन्ही गटांना सारखेच लागू होत असल्याने त्यांचा परिणाम आपोआप वगळला जातो.

निष्कर्ष असा. उन्हाळी वर्ग आणि त्याच वर्गात बसवणे या दोन्हींचा एकत्रित परिणाम तिसरीच्या मुलांवर चांगला आणि बऱ्यापैकी मोठा दिसला. सहावीच्या मुलांवर तसा दिसला नाही.

मग रॉडरिक यांना ऑगस्टमध्ये दिसलेली सहावीची वाढ कुठे गेली? दोन्ही अभ्यासांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. एकाने ऑगस्टची फेरपरीक्षा पाहिली, दुसऱ्याने पुढच्या वर्षांच्या चाचण्या आणि नापास होण्याचा परिणामही धरला. माझा एक अंदाज आहे, तो अंदाज म्हणूनच घ्यावा. ऑगस्टच्या परीक्षेवर वर्ष वाया जाण्याची टांगती तलवार होती. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला तलवार कळते, तिसरीतल्याला तितकी कळत नाही. तलवारीखाली मूल परीक्षेच्या दिवशी जीव तोडून लिहील; त्या लिहिण्यात आणि येण्यात फरक आहे. तिसरीच्या फायद्याबद्दलही एकमत नाही. याच शाळांच्या आकड्यांवरून नागाओका आणि रॉडरिक यांना २००४ साली असे दिसले की त्याच वर्गात बसवल्याने तिसरीच्या मुलांचा फायदा झाला नाही आणि सहावीच्या मुलांची प्रगती उलट मंदावली.

त्याच वर्गात बसवण्याबद्दलचा सर्वांत जड निकाल २००९ साली आला. जेकब आणि लेफग्रेन यांनी उंबरठ्याची तीच युक्ती वापरून ही मुले पुढे हायस्कूल पूर्ण करतात का ते पाहिले. सहावीत मागे ठेवलेल्यांच्या बाबतीत फरक आढळला नाही. आठवीत मागे ठेवलेल्या मुलांमध्ये मात्र शाळा सोडण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले होते. लक्षात घ्या, हे जवळजवळ सारख्याच गुणांच्या मुलांमधले अंतर आहे. एका बाजूच्या मुलाला दोन-चार उत्तरे कमी आली, तो आठवीत राहिला, आणि त्यामुळे त्याची शाळा सुटण्याची शक्यता वाढली.

आपला कायदा आठवीच्याच दारात उभा आहे.

हे वाचताना एक प्रश्न मनात आला पाहिजे. नववीत गेल्यावर मुले घसरतात हे तर सगळ्यांनी पाहिलेले आहे. आठवीचे कच्चे राहिलेले गणित नाही, तर मग घसरतात कशामुळे? शिकागोच्या त्याच संशोधक गटाने यावरही काम केले आहे, आणि माझ्या मते ते उन्हाळी वर्गांवरच्या कामापेक्षा अधिक वाचले जायला हवे होते.

२००५ साली इलेन अ‍ॅलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी नववीच्या अखेरीस पाहायची एक साधी खूण सुचवली. मुलाने वर्षात किमान पाच पूर्ण विषयांचे श्रेयांक मिळवले आहेत का, आणि मुख्य विषयांत एकाहून अधिक सत्रांत तो नापास झालेला नाही ना? ही खूण ज्यांच्याकडे होती ती मुले, नसलेल्यांच्या साडेतीन पट प्रमाणात, चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करीत होती. आठवीच्या चाचणीच्या गुणांपेक्षा ही खूण पुढचे अधिक नीट सांगत होती. २००७ साली त्यांनी हजेरी तपासली. आठवीच्या चाचणीत देशातल्या वरच्या चौथाईत असलेली, पण नववीत सत्रात दोन आठवडे गैरहजर राहिलेली मुले, तळाच्या चौथाईतल्या आणि एकच आठवडा गैरहजर राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त विषयांत नापास होत होती. चाचणीत तळाला असलेले, पण रोज येणारे मूल, वर असलेल्या आणि दांड्या मारणाऱ्या मुलाच्या पुढे निघत होते.

आता इथेही फाशांसारखाच संशय घ्यायला हवा. गैरहजेरी हे कारण कशावरून? घरातल्या अडचणीने हजेरीही पडत असेल आणि अभ्यासही. ही शंका रास्त आहे. तिला उत्तर २०१४ च्या अहवालात मिळते. नववीत विनाकारण गैरहजेरी आठवीच्या जवळजवळ चौपट होते. हे तेच मूल, तेच घर, तोच मोहल्ला. मध्ये फक्त एक उन्हाळा गेला आहे. एका उन्हाळ्यात घर चौपट बिघडत नाही. बदलते ती शाळा. काम फार अवघड झाले म्हणून गुण घसरतात असेही या अहवालाला दिसले नाही. आठवीपर्यंत मुलावर कोणाची तरी नजर असते, नववीत ती नजर निघून जाते, असे त्याचे म्हणणे आहे.

हे वाचताना मला १९९० च्या सुमारासचा माझा स्वतःचा एक आठवडा आठवला. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, दोन गुरुजी. मी एक दिवस गेले नाही तर गुरुजी संध्याकाळी दारात येऊन आईला "पोर आजारी आहे का?" विचारत. पाचवीला तालुक्याच्या हायस्कुलात नाव घातले. पाचवी 'ड', साठ-पासष्ट मुली. जुलैत ताप आला आणि सहा दिवस घरी राहिले. सातव्या दिवशी घाबरत घाबरत वर्गात गेले, सबबीची चिठ्ठी मुठीत. हजेरी झाली, मी "हजर" म्हटले, पुढचे नाव पुकारले गेले. चिठ्ठी कोणी मागितलीच नाही. तेव्हा हायसे वाटले होते. पुढे त्याच वर्षी मी आणखी दोनदा राहिले, आणि त्या वेळी ताप नव्हता. शिक्षक वाईट नव्हते. सात विषयांचे सात शिक्षक होते आणि प्रत्येकाला वाटत असावे की दुसरा पाहील.

शिकागोत २००७ नंतर शाळांना नववीच्या प्रत्येक मुलाची हजेरी आणि नापास विषय यांची यादी वर्ष चालू असतानाच मिळू लागली. कोणी मागे पडू लागले की शिक्षक एकत्र बसत, मुलाला बोलावत, घरी फोन करीत. वर दिलेली खूण असलेल्या नववीच्या मुलांचे प्रमाण २००७ मधल्या ५७ टक्क्यांवरून २०१३ मध्ये ८२ टक्क्यांवर गेले. शिक्षकांनी नापास करणेच कमी केले असेल, ही शंका तिथेही घेतली गेली. रॉडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ज्या शाळांत हे आधी सुरू झाले त्या पाहिल्या, तेव्हा तिथे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाणही वाढलेले आढळले. हा चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग नव्हे, आणि ८२ हा आकडा मी डोळे मिटून घेणार नाही. पण मोजायचे काय, हे त्यात नक्कीच बरोबर निवडले गेले होते.

आपल्याकडे परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. कायद्याचे टप्पे पाचवी आणि आठवीला संपतात, पण मुलाच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच वेळी बदलते. गावची शाळा चौथीला संपली तर पाचवीला, सातवीला संपली तर आठवीला. म्हणजे अनेक मुलांच्या बाबतीत नव्या शाळेतले पहिलेच वर्ष परीक्षेचे वर्ष ठरते. ज्या वर्षी नजर हटते त्याच वर्षाच्या शेवटी दार. नापास झालेल्या मुलाला जूनमध्ये शिकवणारे शिक्षक त्याला वर्षभरही नीट ओळखत नसतात.

तरीही उन्हाळी वर्ग नकोत असे माझे म्हणणे नाही. ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचेच घ्या. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल शाळेचे अर्धे वर्ष गमावते आणि नेमके सुट्टीच्या तोंडावर गावी परतते. त्याच्यासाठी उन्हाळा हाच शिकायचा काळ आहे. त्याच्या बाबतीत रेघेचा तिरपेपणा वगैरे प्रश्नच येत नाही, कारण त्याची रेघ मध्ये तुटलेली आहे. अशा मुलाला मे महिन्यात शिकवले तर त्याचा उपयोग होईल, असे मानायला मी तयार आहे. पण त्याला शिकवायला आधी परीक्षेत नापास करावे लागते का? आणि विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रोज तीन तास कोण बसणार, हेही कोणीतरी सांगावे.

फेरपरीक्षांचे आकडे दरवर्षी जाहीर होतील. नापास झालेल्यांपैकी इतके टक्के जादा तासांनंतर पास झाले, असे वर्तमानपत्रात येईल. ते वाचताना दहांपैकी सात हा आकडा जवळ ठेवावा, म्हणजे पाढा म्हणून पास झालेल्यांचा. आपल्या शाळेपुरते खरे उत्तर हवे असेल तर काठावर पास झालेल्या आठ-दहा मुलांनाही जूनमध्ये तीच फेरपरीक्षा द्यायला सांगावी. ती सुट्टीवर होती, त्यांना कोणी शिकवले नाही. दोन्ही गटांचे गुण शेजारी शेजारी लिहिले की वर्गाचा गुण किती आणि फाशांचा किती याचा थोडा अंदाज येईल. इतक्या थोड्या मुलांवरून ठाम काही सांगता येणार नाही. तालुक्यातल्या वीस शाळांनी मिळून केले तर येईल.

आणि हायस्कूलच्या वर्गशिक्षकांना एक विनंती. जून-जुलैच्या हजेरीपटावर नव्याने आलेल्या मुलांची नावे वेगळ्या शाईने लिहा, आणि त्यांच्यापैकी सलग तीन दिवस कोणी आले नाही तर जुन्या शाळेच्या गुरुजींना फोन करा. ते मूल कुठे राहते हे त्यांना ठाऊक असते.